पौरोहित्य शिकायला विद्यापीठ कशाला? (पुतणीचा हट्ट आणि आमची पंचाईत)

नौपाडेकर (धागाकर्ता)
श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता. गुरुजी संकल्प सांगत होते, ‘...रामक्षेत्रे बौद्धावतारे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे...’ पुतणीने मध्येच विचारलं, ‘गुरुजी, बौद्धावतारे म्हणजे काय?’ गुरुजी पळीने पाणी सोडत म्हणाले, ‘बाळ, मला अजून तीन घरं आहेत.’

विषय तिथे संपायला हवा होता. पोरगी बी.कॉम. आहे, बरी नोकरी आहे, आणि आता म्हणते हिंदू अध्ययनात एम.ए. करणार, मग पौरोहित्य. काशी हिंदू विद्यापीठात 2022 मध्ये हा एम.ए. सुरू झाला. आपल्याकडे रामटेकला कालिदास संस्कृत विद्यापीठ 1997 पासून आहेच. दादा-वहिनींनी अबोला धरलाय. माझं मत: एम.ए. जरूर करावं, पण पदवी हातात आली की आपण गुरुजी झालो असं समजू नये. तुम्हाला काय वाटतं?

खारघरचे_गुरुजी
काका, निम्मं पटलं. आमच्या पाठशाळेत गुरुजी एकदा म्हणणार, आम्ही दोनदा. पुस्तक बंद. स्वर वर गेला की हात वर, खाली गेला की खाली. संहिता, म्हणजे सलग मंत्र, झाली की पद, म्हणजे एकेक शब्द सुटा, मग क्रम, म्हणजे शब्दांच्या जोड्या. जटा आणि घन या त्याहून अवघड पठणांपर्यंत पोचणारे थोडेच. माझी अकरा वर्षं त्यात गेली. चार सेमिस्टरमध्ये यातलं काय होणार? गेल्या वर्षी पौरोहित्याची पदविका घेतलेला एक मुलगा मदतीला घेतला होता. उदकशांतीला पोथीचं पान उलटायचं राहिलं आणि तो तोच मंत्र पुन्हा म्हणायला लागला! शेवटी मी मांडीवर थाप मारली तेव्हा थांबला.

नेरूळ_नास्तिक
अकरा वर्षं पाठ केलंत, आता अर्थ सांगा की ‘बौद्धावतारे’चा. मुलीचा प्रश्न अजून तिथेच आहे.
आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. माझ्या करातून पुरोहित का घडवायचे? घटनेचं कलम 28 वाचा. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, ते धर्मशास्त्र बाहेर ठेवूनच. तेच बरं होतं.

कोर्टनाका
@नेरूळ_नास्तिक कलम बरोबर, वापर चुकीचा. गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणीचा अभ्यास घातला म्हणून पंजाबातलं एक कॉलेज सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. 1971 चा निकाल आहे: एखाद्या संताच्या विचारांचा विद्यापीठीय अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. श्रद्धा शिकवणं वेगळं, श्रद्धेविषयी शिकवणं वेगळं. आता पौरोहित्याची पदविका यातल्या कोणत्या बाजूला पडते, हा खरा वादाचा प्रश्न. माझ्या मते ती रेषेवरच बसते.

वसईचा_ठाण्यात
आमच्यात हा घोळ कमी आहे. मामेभाऊ फादर आहे. आधी तत्त्वज्ञान, मग चार वर्षं थिऑलॉजी (म्हणजे धर्मशास्त्र), मध्ये एखादं वर्ष चर्चमध्ये उमेदवारी. पण नुसती पदवी असली म्हणून कुणी फादर होत नाही, बिशप दीक्षा देतात तेव्हाच होतो. त्याच्या बॅचचे काहीजण सगळं शिकून मधूनच बाहेर पडले, आज मजेत नोकऱ्या करतायत.
गंमत म्हणजे बंगालमधलं सेरामपूर कॉलेज 1818 चं, आणि 1827 साली डेन्मार्कच्या राजाने दिलेल्या सनदेवर तिथे आजही थिऑलॉजीच्या पदव्या मिळतात. जर्मनीत तर सरकारी विद्यापीठांतच कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन वेगळ्या फॅकल्ट्या असतात. त्याने कुणाचं आभाळ कोसळलं नाही.

वर्तकनगर_ताई
मी पूजा सांगते. सुरुवातीला यजमानीणबाईच विचारायच्या, ‘बरोबर गुरुजी नाही आले?’ पुण्यात ज्ञानप्रबोधिनी कधीपासून बायकांना पौरोहित्य शिकवतेय, मराठीत अर्थ सांगून संस्कार करतेय. पण पाठशाळेचा दरवाजा तुमच्या पुतणीला किती उघडेल, हे खारघरच्या गुरुजींनीच सांगावं. 2014 मध्ये पंढरपूरला बडव्या-उत्पातांचे, म्हणजे वंशपरंपरागत पुजाऱ्यांचे, हक्क गेल्यावर मंदिर समितीने सगळ्या जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपदासाठी अर्ज मागवले. अशा वेळी अर्जाला जोडायला कागद लागतो हो! ज्यांच्या घरात परंपरा नाही, त्यांना विद्यापीठाशिवाय कोण दारात उभं करतं?

खारघरचे_गुरुजी
ताई, माझ्या पाठशाळेत मुली नव्हत्या, आजही नाहीत. खोटं कशाला बोलू.

कळव्याहून
इतका वेळ नुसता वाचत होतो. सगळे ‘बौद्धावतारे’वरून उडी मारून पुढे गेलात. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातली पाचवी हीच, की बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही, तो खोटा प्रचार आहे. माझ्या आजोबांना त्या तोंडपाठ होत्या. म्हणजे तुमच्या पाटावर बसून जे सहज म्हटलं जातं, ते आमच्या घरात शपथेवर नाकारलेलं आहे. पाठशाळेत ही दुसरी बाजू कोण सांगणार? आणि विहारात तरी तुमची बाजू कोण सांगतं, हेही मान्य. दोन्ही पोरं एका बाकावर बसून हे भांडतील अशी जागा विद्यापीठच. मात्र 2019 मध्ये काशीत मुसलमान प्राध्यापक संस्कृत शिकवायला आले म्हणून विद्यार्थी धरणं धरून बसले होते, तसलं विद्यापीठ असेल तर नको.

नेरूळ_नास्तिक
@कळव्याहून हे पटलं. अभ्यासाला माझा विरोध नाहीच. पदविकेला आहे, आणि तो राहणार.

नौपाडेकर (धागाकर्ता)
कळव्याहून, तुमचा प्रतिसाद पुतणीला वाचून दाखवला. तिने तोवर स्वतः शोधलं होतं: दशावतारांत नववा बुद्ध, म्हणून सध्याचा काळ त्या अवताराचा, असा संकल्पातला हिशेब. आणि एकनाथ-तुकारामांच्या अभंगांत तर विठ्ठलालाच बौद्ध अवतार म्हटलंय. आजीच्या जुन्या तसबिरीत नवव्या जागी कमरेवर हात ठेवून विठोबा उभा आहे. इतकी वर्षं भिंतीवर होती, आम्ही फक्त धूळ पुसली.

काल आमच्या गुरुजींना फोन केला, त्यांनाही हे सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘मीही लहानपणी विचारलं होतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं.’ पुढच्या पूजेला त्या दिवशी दुसरं घर घेणार नाही म्हणाले.

नेरूळ_नास्तिक
दक्षिणा तेवढीच ना?