मदत हवी आहे: मोठ्या शिशूतल्या मुलांना दुसऱ्याचं मन कळावं म्हणून वर्गात कोणते खेळ घेऊ?

नमस्कार. मी पुण्यात धनकवडीच्या बाजूला एका शाळेत मोठ्या शिशूला शिकवते. वर्गात ३८ मुलं, वयं पाच ते सहा.

मागच्या गुरुवारचा एक प्रसंग डोक्यातून जातच नाहीये. छोटी सुट्टी नुकतीच संपली होती आणि मी चेहऱ्यांच्या कार्डांचा खेळ घेत होते. कार्ड वर धरायचं, मुलांनी भावना ओळखायची. रडका चेहरा दाखवल्यावर अख्खा वर्ग ओरडला, "दुःखी!" आणि तेव्हाच खिडकीजवळ एक मुलगा खरंच रडत होता. दप्तरात भरताना त्याचा डबा कलंडला होता. पोळीचा लाडू फरशीवर फुटला होता आणि तो बोटाने एकेक कण गोळा करत होता. शेजारच्या दोघांनी तेवढे पाय बाजूला घेतले आणि पुन्हा माझ्या हातातल्या कार्डाकडे बघून ओरडायला लागले.

पोरं वाईट नाहीत. फळांची, रंगांची नावं पाठ करतात तशी त्यांनी भावनांची नावं पाठ केली, आणि ती करून घेणारी मीच.

संगीत खुर्चीही घेऊन पाहिली. दरवेळी तीच दोन-तीन हळू मुलं आधी बाद होतात आणि बाकीची "हरला, हरला" करतात. भांडण झालं की "सॉरी म्हण" सांगते, तर पंख्याकडे बघत सॉरी म्हणून मूल पळून जातं.

वर्ग लहान आहे, बाकं हलत नाहीत, मैदान आठवड्यातून दोनदाच मिळतं. तास ३० मिनिटांचा. खर्चाचं सामान मागवता येणार नाही. ज्यांनी या वयाच्या मुलांबरोबर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगा. मला पाठ होणारा खेळ नकोय, शेजारच्याकडे बघायला लावणारा हवाय.

प्रतिसाद

ताई, मी बालवाडीतून निवृत्त झालेय. तुम्हाला हे टोचलं याचंच मला फार बरं वाटलं.

या वयाबद्दल आधी एक सांगते. १९८३ साली विमर आणि पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट दाखवली. मॅक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं नवं कपाट दाखवतात, कारण त्यांना स्वतःला ते ठाऊक असतं. आपल्याला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नसतं, हे चौथ्या-पाचव्या वर्षापासून हळूहळू उमगायला लागतं. म्हणजे तुमची मुलं अगदी योग्य वयाची आहेत.

हाच खेळ दोन डबे आणि एक खोडरबर घेऊन करा. एका मुलाने खोडरबर ठेवून दाराबाहेर जायचं, तुम्ही डबा बदलायचा. तो आत आला की बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवून फक्त त्याचा चेहरा बघायचा. बोलायचं नंतर.

संगीत खुर्चीत मुलं बाद करू नका. खुर्च्यांऐवजी फळ्यासमोर जुनी वर्तमानपत्रं अंथरा, आठ-आठ जणांचा गट करा आणि दर फेरीला एक कागद काढा. उरलेल्या कागदांवर सगळ्यांनी मावायचं. एकमेकांना धरल्याशिवाय ते जमतच नाही.

मैदानाच्या दिवशी विषामृत घ्या. ज्याच्यावर राज्य आहे त्याने "विष" म्हणून शिवलं की गडी जागीच बसतो आणि कुणीतरी येऊन "अमृत" म्हणेपर्यंत उठत नाही. धावता धावता बसलेल्याकडे लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मला हा खेळ सगळ्यांत आवडतो.

आणि सॉरीच्या जागी "तुला काय हवंय?" असं विचारायला लावा. पाणी म्हणाला तर पाणी आणून द्यायचं, "जवळ येऊ नको" म्हणाला तर लांब राहायचं.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. सोमवारी खोडरबराचा खेळ घेतला. मुलगी आत आली, तिने आपला डबा उघडला आणि आत नुसती बघत राहिली. ३७ तोंडांवर हात. मागच्या बाकावरून एकजण अगदी हळू म्हणाला, "बाई, तिला माहीतच नाहीये ना." मला भरून आलं.

आज विषामृत झालं. त्यात एक अडचण आली. पोळीच्या लाडवाचा तो मुलगा पहिल्याच मिनिटाला बसला आणि त्याला अमृत द्यायला कुणी फिरकलंच नाही. मित्र मित्रांनाच सोडवत होते. तो हात वर करून बसून होता. शेवटी मीच जाऊन त्याला शिवले. मी तेव्हा थांबायला हवं होतं का? की "जो सगळ्यांत आधी बसला त्याला आधी अमृत" असा नियमच करू? उद्या पुन्हा मैदान आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर फार बरं होईल.