गोळपच्या सड्यावरची म्हैस

ए-१०२ काकू: सकाळपासून सगळ्यांचे फोन येतायत, म्हणून इथे सोसायटीच्या ग्रुपवरच सांगते. काल रात्री पावसहून येताना गोळपच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या माळावर, ह्यांनी गाडी चरात घातली. आम्ही दोघं धडधाकट. बंपर आणि डावा आरसा गेला. म्हैस ठणठणीत.

बी-३०४: बापरे! काका, ब्रेक नाही लागला?

ए-१०२ काका: लागला की! पण आधी दिसायला नको? धो धो पाऊस, समोरून डंपरच्या हेडलाइटचा अप्पर डोळ्यावर, काळ्या डांबरावर काळी म्हैस बसलेली, तीही तोंड पलीकडे करून. डोळे चमकले असते तर कळलं असतं. फक्त साठने होतो.

सी-२०१ अण्णा: "फक्त" काढून टाका. साठला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. अचानक काही दिसलं की ते कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद सहज जातो. २५ मीटर तिथेच संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला वर ३०-३५. चाळीसला हेच सगळं मिळून ३०-३२ मीटर.

बी-३०४: मग सरळ स्टेअरिंग मारायचं ना?

अण्णा: मारायचं, पण जागा आहे का बघून. आणि काकांच्या जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, नाही. ब्रेक दाबून धरला की पुढची चाकं जाम. मग कितीही फिरवा, गाडी सरळच घसरते.

काका: अगदी तस्संच! मी वळवतोय आणि गाडी म्हशीकडेच. घाबरून पाय उचलला, तर झपकन डावीकडे.

अण्णा: चाकं वळलेलीच होती, फिरायला लागल्यावर पकड आली. नशीब डावीकडे वळवलेलं. उजवीकडे डंपर होता.

बी-१०१ वहिनी: आमच्या गाडीला आहे एबीएस. पण ब्रेक पायाखाली थरथरतो, भीती वाटते.

अण्णा: थरथरू दे. जोरात दाबूनच ठेवायचा आणि वळवायचं. २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीचंच आहे. पण गाडी लवकर थांबेल या भरवशावर राहू नका. चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेल्या मातीवर उलट जास्त लांब जाते.

सी-४०२: गुरं मोकाट सोडणाऱ्यांना आधी दंड करा!!

सेक्रेटरी: विषय चालू द्या, पण उद्या ९ ते १२ टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवा.

काकू: अण्णा, शनिवारी परत पावसलाच बारसं आहे हो.

अण्णा: जेवण झालं की उजेडातच निघा. काळोख पडला की म्हशी डांबरावर येतात, कातळ ओला असतो ना.

काका: गाडी गॅरेजला आहे. एसटीने जातोय.