उन्हाळा आणि छत्रीची सावली : आपले अनुभव लिहावेत

माळा आवरताना आजीची काळी छत्री हाती लागली आणि तिच्यासोबत भर दुपारी केलेली पायपीट आठवली. छत्री माझ्यावर धरल्यामुळे तिचा उजवा खांदा उन्हातच राही, आणि घरी आल्यावर तोच खांदा ती ओल्या फडक्याने बराच वेळ पुसत बसे. निरभ्र दुपारी उन्हातून दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊर्जा येते आणि तिचा मोठा वाटा छत्री अडवते, हे मला फार उशिरा उमगले. आपलेही अनुभव अवश्य सांगावेत.

प्रतिसाद
छत्रीखाली हवाच गार झाली असे मला वाटत असे, परंतु तापमापक तसे कधीच दाखवत नसे. हवामानाच्या नोंदीतले तापमानही सावलीतच, झडपांच्या पेटीत मोजलेले असते. उन्हातल्या माणसाला त्याशिवाय सूर्याचा थेट मारा सोसावा लागतो, आणि छत्री थांबवते तो हाच मारा.

प्रतिसाद
घट्ट टोपी काढली की माझे केस चिंब असतात आणि कपाळावर पट्टीचा लाल वळ दिसतो. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, पण टोपीखाली तो वाळतच नाही. छत्रीखाली डोक्याला वारा लागतो, म्हणून मला तीच मानवते.

प्रतिसाद
दोन्ही हातांत पिशव्या असताना छत्री कशी धरता, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद
पिशव्या असतील तर रुंद काठाची सैल टोपी बरी. मी जमीनमोजणीच्या कामावर असतो. चारनंतर ऊन तिरपे होते आणि सरळ धरलेल्या छत्रीची सावली भलतीकडेच पडते, म्हणून ती सूर्याकडे कलती धरावी लागते. तापलेल्या डांबराची झळ मात्र तरीही पोटऱ्यांना लागतेच.

प्रतिसाद
छत्री आहे या भरवशावर मी पाणी न पिता दीड तास चाललो, तेव्हा पायांत गोळे आले आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून तापली की वारासुद्धा अंगात उष्णताच भरतो आणि शरीराला घामाचाच आधार उरतो. तो घाम यायला पोटात पाणी हवे, एवढे माझ्या ध्यानात आले नव्हते.

धागाकर्ती
आपले वाचून आठवले की आजीच्या दुसऱ्या हातात पाण्याची बाटली असे आणि प्रत्येक थांब्यावर पहिला घोट माझा असे. छत्रीची एक काडी मोडली आहे. ती उद्याच दुरुस्तीला देते.