१२ ते १४ वयाच्या वर्गासाठी लैंगिक शिक्षणाचे सहा तास: क्रम कसा लावावा?

जीवशास्त्र_शिक्षिका:
नमस्कार. आरोग्य आणि लैंगिक शिक्षणासाठी ४० मिनिटांचे सहा तास मिळाले आहेत. प्रजननसंस्थेचा धडा शिकवला की मुलं आकृतीला नावं देतात, पण स्वतःच्या शरीराबद्दलचे प्रश्न तसेच राहतात. मुलं-मुली एकत्र बसवावीत की वेगळी? विषयांचा क्रम काय असावा? प्रश्नपेटी ठेवली तर ती रिकामी राहते, नाहीतर चेष्टेच्या चिठ्ठ्यांनी भरते. त्यावर काय करता येईल? शिवाय 'यामुळे मुलं नको त्या वाटेला जातील' हा पालकांचा आक्षेप आहेच.

शालेय_समुपदेशक:
मॅडम, तास एकत्रच घ्या. पाळी म्हणजे काय हे मुलग्यांना कळायला हवं, आणि मुलग्यांमध्ये काय बदलतं ते मुलींना. वेगळं बसवलं की 'त्यांना काय सांगितलं' याचीच कुजबुज चालू राहते. फक्त पाळीच्या तासाची शेवटची १५ मिनिटं वेगळी ठेवा.

पहिला तास नियमांचा आणि नावांचा. नियम मुलांकडूनच काढून घ्या, पण दोन तुमचे घाला: कुणाचंही नाव घेऊन अनुभव सांगायचा नाही, आणि बोलायचं नसेल तर 'पुढे' म्हणायची मुभा आहे. मग शिश्न, वृषण, योनी, योनीमुख, गर्भाशय ही नावं फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घ्या. आधी हशा पिकतो, तिसऱ्या फेरीला ओसरतो. तुम्ही आवाज खाली नेलात की तो परत येतो. बाहेरच्या अवयवांची आकृतीही दाखवा. फक्त आतली दाखवली, तर मूत्रमार्ग आणि योनी यांची द्वारं वेगळी असतात हे कळतच नाही.

दुसरा तास वयात येण्याचा. हे बदल मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. 'मी मागे राहिलो' किंवा 'माझंच का लवकर' ही या वयाची सगळ्यात मोठी काळजी असते, तेव्हा हे आकडे फळ्यावर तासभर राहू द्या. झोपेत वीर्य बाहेर येणं नैसर्गिक आहे आणि त्याने अशक्तपणा येत नाही, हस्तमैथुनाने शरीराला अपाय होत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा. वयात येताना पुष्कळ मुलग्यांच्या स्तनाग्राखाली गाठ येते. ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. आणि एक वाक्य कधीही गाळू नका: वृषणात अचानक तीव्र दुखू लागलं तर लगेच सांगायचं, रात्र असली तरी. पीळ पडलेला असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. लाजेपायी मुलं दुखणं अंगावर काढतात, आणि वृषण गमवावा लागतो.

तिसरा तास पाळीचा. पाळीत एकूण रक्त साधारण ३० ते ४० मिलीलीटर जातं. लाल रंगाचं पाणी चमच्याने मोजून पॅडवर ओता. पाच मिलीलीटरचे सहा ते आठ चमचे. 'खूप रक्त जातं' ही भीती तिथेच कमी होते. पहिली काही वर्षं चक्र २१ ते ४५ दिवसांचं असू शकतं आणि रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. स्राव कमी असला तरी पॅड चार ते सहा तासांनी बदलावं. सलग काही तास दर तासाला पॅड भिजत असेल, शाळा बुडण्याइतकं दुखत असेल किंवा १५ वर्षांपर्यंत पाळी आलीच नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं.

चौथा तास संमती, नको असलेला स्पर्श आणि फोनवरचे फोटो यांचा. पुष्कळ आराखड्यांत हा विषय शेवटी असतो आणि परीक्षेच्या धावपळीत तोच तास जातो. म्हणून तो मध्येच ठेवा. नकार देण्याचा सराव करून घेताना दबाव आणणारा नेहमी मुलगाच आणि नकार देणारी मुलगीच असं करू नका. नकार ऐकून घेण्याचाही सराव हवा. तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

प्रश्नपेटीवाली_ताई:
पेटी कोपऱ्यात ठेवली की चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो, म्हणून ती रिकामी राहते. प्रत्येक तासाच्या शेवटची तीन मिनिटं राखून सर्वांना एकाच मापाचे कागद द्या. सर्वांनी लिहायचंच, प्रश्न नसेल तर त्या दिवशी शिकलेलं एक वाक्य. कोण किती लिहितंय यावरूनही ओळखू येता कामा नये. उत्तरं पुढच्या तासाला द्या, त्याच तासाला पेटी उघडू नका. चिठ्ठी वर्गात पहिल्यांदाच वाचली तर चेहऱ्यावर उमटलेलं मुलांना दिसतं.

चेष्टेच्या चिठ्ठीतही बहुधा खरा प्रश्न दडलेला असतो. शिवराळ शब्द काढून तो सभ्य भाषेत वाचा आणि नेहमीसारखं उत्तर द्या. 'तुम्ही स्वतः कधी…' असे प्रश्न 'शिक्षकाच्या खाजगी आयुष्यावर बोलायचं नाही' या नियमाने बाजूला ठेवा.

त्रास होत असल्याचं कुणी लिहिलं असेल तर ते वर्गात वाचायचं नाही. शाळेने ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. मूल समोर येऊन सांगत असेल तर 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका, खोदून प्रश्न विचारू नका, त्याचेच शब्द लिहून ठेवा. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही' एवढं त्या क्षणी पुरे. गुप्ततेची ही मर्यादा मुलांना पहिल्याच तासाला माहीत असायला हवी.

जीवशास्त्र_शिक्षिका:
फार उपयोगी. पाचव्या तासाला गर्भनिरोधनाबद्दल या वयात किती सांगावं?

किशोर_आरोग्य:
गर्भ कसा राहतो हे नीट कळेल एवढं तरी सांगाच. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, स्त्रीबीज १२ ते २४ तास. 'पहिल्या वेळी गर्भ राहत नाही' हा समज यातून मुलं स्वतःच खोडून काढतात. कंडोम गर्भधारणा आणि संसर्ग दोन्हींपासून रक्षण करतो, पण वापर चुकला तर परिणाम घटतो: अचूक वापरात वर्षभरात १०० पैकी सुमारे २ जणींना गर्भ राहतो, प्रत्यक्षातल्या सर्वसाधारण वापरात सुमारे १३ जणींना. मुदत संपलेला कंडोम, उष्णतेत पडून राहिलेला, लॅटेक्सच्या (रबराच्या) कंडोमला तेलकट पदार्थ लावलेला, ही नेहमीची कारणं. तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी परिणामकारक, आणि एचआयव्हीचा धोका झाला असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मुलांच्या लक्षात एवढं राहिलं तरी चालेल: थांबायचं नाही, लगेच मदत घ्यायची. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणाऱ्या एचपीव्ही लसीसाठी ९ ते १४ हेच मुख्य वय आहे, तेव्हा त्याचीही माहिती द्या.

भीती घालून काही साधत नाही. ऑस्ट्रेलियात ५७ शाळांमध्ये किशोरवयीन मुलींना रडणारी इलेक्ट्रॉनिक बाहुली सांभाळायला दिली होती, गर्भधारणा टळाव्यात म्हणून. २०१६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत त्या मुलींमध्ये गर्भधारणा इतरांपेक्षा जास्तच निघाल्या.

पालकांसाठी पहिल्या तासाच्या आठवडाभर आधी सभा घ्या आणि सगळं साहित्य, आकृत्यांसकट, टेबलावर मांडा. आक्षेप बहुधा न पाहिलेल्या गोष्टींवर असतो. युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे: अशा शिक्षणाने लैंगिक संबंध लवकर सुरू होतात असं आढळलेलं नाही. हे सांगा, आणि प्रत्येक तासाचा विषय आदल्या दिवशी घरी कळवा, म्हणजे मुलाने जेवताना काही विचारलं तर पालक गडबडणार नाहीत.

शालेय_समुपदेशक:
सहावा तास पूर्ण मोकळा सोडा. उरलेल्या चिठ्ठ्या, आणि मदत कुठे मागायची त्याचा सराव: कोणाकडे जायचं, पहिलं वाक्य काय बोलायचं. मदतीचे क्रमांक सगळ्यांच्या वहीत लिहून घ्या. नुसते फलकावर असले तर जो थांबून वाचतो त्याच्याकडे सगळे बघतात.