दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने मुख्य संघ पाठवावा का?

प्रश्न: मैदानवेडा (पुणे)

२०१९ च्या नेपाळमधील स्पर्धेत भारताने १७४ सुवर्णांसह ३१२ पदके मिळवली. दुसऱ्या क्रमांकावरच्या यजमानांना ५१ सुवर्णे मिळाली. १९८४ साली काठमांडूत ही स्पर्धा सुरू झाल्यापासून पदकतक्त्यातील आपले पहिले स्थान कोणालाही हिसकावून घेता आलेले नाही. इतकी तफावत असताना ज्येष्ठ खेळाडू पाठवण्यात काय हशील आहे? ही स्पर्धा आपण सरसकट कुमार खेळाडूंसाठी राखावी का? जाणकारांनी कृपया मत मांडावे.

उत्तर: खो-खो मार्गदर्शक (धाराशिव)

आपला प्रश्न सर्व खेळांना एकाच मापाने मोजतो, म्हणून मला तो पटत नाही. खो-खोला आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचे स्थान नाही, ऑलिंपिकमध्ये तर नाहीच. २०१६ साली गुवाहाटीत दक्षिण आशियाई स्पर्धेने या खेळाला प्रथमच स्थान दिले आणि आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले. पुढे २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. संध्याकाळच्या सरावात एकेरी साखळीने, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळणाऱ्या, खुंटाजवळ वळताना गुडघे सोलवटून घेणाऱ्या मुलींचे पालक जेव्हा विचारतात की या खेळात पुढे काय आहे, तेव्हा सांगण्यासारखे नाव आम्हाला त्या स्पर्धेमुळे मिळाले.

शेजाऱ्यांना कमी लेखणेही बरोबर नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारतासमोर नेपाळ होता. दोन्ही आपण जिंकलो, परंतु नेपाळचे संघ तिथवर पोहोचले, त्यामागे अशा स्पर्धांत खेळून मिळालेला अनुभव आहे असे मी मानतो.

उत्तर: भालाफेक_वाचक

मैदानी खेळांतील एक उदाहरण देतो. २०१६ साली गुवाहाटीतच नीरज चोप्रा यांनी ८२.२३ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकले, तर पाकिस्तानच्या अर्शद नदीम यांनी ७८.३३ मीटर फेकीसह कांस्यपदक घेतले. २०१९ मध्ये नीरज दुखापतीमुळे बाहेर होते. अर्शद यांनी काठमांडूत ८६.२९ मीटर अंतर गाठून सुवर्णपदकासोबत टोकियो ऑलिंपिकची थेट पात्रताही मिळवली. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ९२.९७ मीटरवर पोहोचलेल्या त्यांच्या वाटचालीतला हा मोठा टप्पा शेजारच्या देशात, फारशा प्रेक्षकांच्या नजरेत न भरता पार पडला होता. त्याच गुवाहाटीत भारोत्तोलनाचे सुवर्ण जिंकलेल्या बांगलादेशच्या माबिया अख्तर राष्ट्रगीत वाजत असताना सलामी देत उभ्या होत्या आणि त्यांचे अश्रू थांबत नव्हते. पदकतक्त्यातील बेरीज पाहून या स्पर्धेची किंमत ठरवणाऱ्यांनी ते चित्रीकरण एकदा अवश्य पाहावे.

उत्तर: आकडेमोड (नाशिक)

भावना मान्य आहे, तरी एक बाब नोंदवणे आवश्यक वाटते. नेपाळची सुवर्णे २०१६ मध्ये ३ होती आणि मायदेशात ५१ झाली, यात खेळाडूंच्या मेहनतीइतकाच खेळांच्या निवडीचा वाटा आहे, कारण कराटे आणि तायक्वांदो या त्यांच्या बलस्थानी असलेल्या खेळांत तिथे भरपूर पदके उपलब्ध होती. यजमानाला आपल्या आवडीचे खेळ घेता येतात, तोवर दोन स्पर्धांमधील आकड्यांची तुलना जपूनच करावी. मूळ प्रश्नाबाबत माझे मत असे की ज्या खेळांना आशियाई स्पर्धेचे दार खुले आहे, तिथे कुमार खेळाडू पाठवावेत. खो-खोसारख्या खेळात मात्र सर्वोत्तम संघच हवा.

उत्तर: खो-खो मार्गदर्शक (धाराशिव)

आकडेमोड यांची ही विभागणी मला मान्य आहे. माझी खरी काळजी वेगळी आहे. पुढची, म्हणजे चौदावी स्पर्धा पाकिस्तानात व्हायची ठरली आणि वारंवार पुढे ढकलली गेली. खो-खोपटूच्या पायांतला वेग फार वर्षे टिकत नाही. २०१९ नंतर संघाच्या दारात पोहोचलेल्या मुलींपैकी काहींचे खेळण्याचे वय या प्रतीक्षेतच सरले. राजकीय ताणामुळे एखाद्या देशात स्पर्धा होणे अवघड असेल, तर ठरावीक मुदतीनंतर यजमानपद आपोआप दुसरीकडे जावे, असा नियम दक्षिण आशियाई ऑलिंपिक परिषदेने करायला हवा. काठमांडूने १९८४, १९९९ आणि २०१९ अशी तीनदा ही जबाबदारी पेलली आहे, कोलंबोने १९९१ आणि २००६ मध्ये.