घशाच्या रेडिएशननंतर थायरॉइड कमी झालंय, गोळी नळीतून कशी द्यावी?

अबोली_२:
बाबांच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरवर किमो आणि रेडिएशन होऊन वर्ष उलटलं. स्कॅन स्वच्छ आला. पण दिवसभर पेंगत असतात, सारखी थंडी वाजते, पोट साफ होत नाही. जो तो म्हणतो, रेडिएशनचा अशक्तपणा आहे, भरून निघेल. आता रक्तात टीएसएच (थायरॉइड मंदावली की वाढणारं हार्मोन) २४ आलाय, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) कमी. थायरॉक्सिन, म्हणजे तेच हार्मोन गोळीच्या रूपात, लिहून दिलंय. आहार बराचसा पोटातल्या नळीतून जातो. गोळी कशी द्यायची? आणि ती कायमचीच का?

कोरडा_घसा:
बहुधा कायमची. मानेवर रेडिएशन घेताना थायरॉइड वाटेतच येते. ग्रंथी हळूहळू निकामी होते, त्यामुळे त्रास काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतो. म्हणूनच मानेवर रेडिएशन झालेल्यांचा टीएसएच दर ६ ते १२ महिन्यांनी बघायचा असतो. फॉलो-अपला सगळं लक्ष गाठ परत आली का याकडे असतं, टीएसएचची तपासणी मागे पडते. मी तर स्वतःच मागून घेते.

मधुकर_न:
माझं स्वरयंत्र काढलं तेव्हा अर्धी थायरॉइडही गेली, वर रेडिएशन. नळीचं सांगतो. गोळी बारीक कुटून पाण्यात कालवायची आणि लगेच द्यायची, कालवून ठेवायची नाही. नंतर पाण्याने नळी नीट धुवायची, भुकटी आत चिकटते. नळीचा आहार आमच्याकडे तासभर आधी आणि तासभर नंतर बंद असतो. बाबांची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कॅल्शियम किंवा लोह चालू असेल तर मध्ये ४ तास हवेतच.

अबोली_२:
कॅल्शियम आहे ना! सकाळी दोन्ही एकत्रच देतोय. बाबांना हृदयाचाही त्रास आहे, म्हणून डोस २५ मायक्रोग्रॅमच दिलाय. पुरेल का?

कोरडा_घसा:
कॅल्शियम रात्री न्या, डॉक्टरांना कळवून. हृदयरोग असला की कमी डोसने सुरुवात करून हळूहळू वाढवतात, ते बरोबरच आहे. ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच करा, त्याआधी आकडा स्थिरावत नाही. लवकर बरं वाटावं म्हणून घरच्या घरी डोस वाढवू नका. छातीत धडधड किंवा दुखणं सुरू झालं तर थेट डॉक्टरांकडे. एंडोक्रायनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) एकदा दाखवाच.

मधुकर_न:
एक विचारतो, इम्युनोथेरपी (कॅन्सरशी लढायला शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं) झालीये का? पेम्ब्रोलिझुमॅब, निवोलुमॅब वगैरे? त्यानेही थायरॉइड बिघडते. क्वचित अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं (मूत्रपिंडावरच्या) कामही मंदावतं, आणि तसं असेल तर थायरॉक्सिनच्या आधी स्टेरॉइड सुरू करावं लागतं. अशा वेळी कॉर्टिसॉलच्या (त्या ग्रंथींच्या हार्मोनच्या) तपासणीबद्दल जरूर विचारा.

अबोली_२:
नाही, किमोत फक्त सिस्प्लॅटिन होतं. केस-त्वचेसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व मात्र घेतात.

कोरडा_घसा:
मग रक्त तपासायला द्यायच्या आधी ते किती दिवस थांबवायचं ते लॅबला विचारा. बायोटिनमुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.