नाकाच्या जन्मजात दोषाचा कोड अन् अडकलेला क्लेम, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी लातूरला एका खासगी दवाखान्यात टीपीए डेस्कला (विम्याचे क्लेम बघायचं टेबल) बसतो. ९ दिवसांच्या बाळाचं ऑपरेशन झालं, नाकाची मागची वाट दोन्ही बाजूंनी हाडानं बंद होती, बारीक नळी घातली तर पुढं सरकतच नव्हती, रडलं की गुलाबी व्हायचं अन् गप झालं की निळं पडायचं. मी क्लेमवर आयसीडी-१० चा (आजारांच्या कोडची जागतिक यादी) क्यू ३०.० टाकला, म्हणजे कोॲनल अट्रेसिया, हाच नाकाची मागची वाट बंद असण्याचा दोष. विमा कंपनी म्हणायली नाक दिसतं म्हणजे हे बाह्य जन्मजात व्यंग, पॉलिसीत बसत नाही. पण आयआरडीएआयच्या (विमा नियामक) व्याख्येत बाह्य म्हणजे शरीराच्या दिसणाऱ्या अन् हात पोचणाऱ्या भागातलं, हे तर पार घशाजवळ आहे!

सीटी रिपोर्ट, ईएनटी सरांचं पत्र, दोन्ही पाठवलं, तरी तीच क्वेरी परत आली. एकानं क्यू ३०.९ टाक म्हणलं, पण निदान पक्कं असताना मोघम कोड कशाला, ते चूकच आहे. ग्रुप पॉलिसी आहे, बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर आहे, तो प्रश्न नाही.

कुणी क्यू ३०.० हा अंतर्गत, म्हणजे शरीराच्या आतला, दोष म्हणून पास करून घेतलाय का, अन् सरांच्या पत्रात नेमकं काय लिहून घेतलं होतं?